निमित्ताचा वाटा

गेल्या चैत्रात नातीने घरी पिझ्झा करण्याचा बेत केला, तेव्हा शेजारच्या आजी सूर्यास्तापूर्वी जेवतात म्हणून तिने दुपारी चारलाच कणीक मळायला घेतली, त्या कांदालसूण खात नाहीत म्हणून टोमॅटोच्या रसात ती दोन्ही वर्ज्य केली, आणि जाड बुडाच्या तव्यावर झाकण ठेवून भाजलेल्या त्या पोळीवरचे किसलेले मोझरेल्ला चीज वितळून एकजीव झाल्यावर पहिला तुकडा मोठ्या आदराने आजींच्या पुढे ठेवला. आजी मूळच्या सांगलीकडच्या, जैन शेतकरी घराण्यातल्या. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात विरजण लावल्यावाचून त्या फारशा कधी निजल्या नसतील. तुकडा उचलताच चीजची लांबत गेलेली तार त्यांनी कौतुकाने पाहिली, तुकडा परत ताटात ठेवला आणि विचारले, "बाळ, ह्यातलं दूध कशानं विरजलंय गं?"

नातीला उत्तर देता आले नाही, आणि मलाही देता आले नाही. पदार्थात काय आहे असे आजींनी विचारले नव्हते. तो कशाने झाला असे त्यांनी विचारले होते, आणि या दोन प्रश्नांमधले अंतर किती मोठे आहे, हे त्यानंतरच्या काही महिन्यांत मला हळूहळू उमगत गेले.

दूध घट्ट होण्याच्या वाटा दोन. आंबटपणाने ते घट्ट होते, आपले दही आणि पनीर ही त्या वाटेची; दुसरी वाट रेनेटची. दूध पिणाऱ्या कोवळ्या वासराच्या चौथ्या आमाशयाच्या अस्तरात कायमोसिन नावाचे एक विकर असते, आणि त्याचे काम इतके नेमके आहे की, केसीन या प्रथिनाचे जे सूक्ष्म कण परस्परांपासून दूर राहून दुधात तरंगत असतात, त्यांच्या पृष्ठभागावरील काप्पा-केसीनच्या शृंखलेतला १०५व्या आणि १०६व्या अमिनो आम्लांमधला दुवा तेवढा ते तोडते. त्यासरशी त्या कणांचे एकमेकांना दूर ठेवणे संपते आणि कॅल्शियमच्या साहाय्याने ते परस्परांना बिलगून दुधाची कवडी बनते. निसर्गाने ही योजना वासरासाठीच केलेली आहे. आईचे दूध पोटातून भरकन वाहून न जाता तेथेच गोठावे आणि सावकाश अंगी लागावे, एवढाच तिचा हेतू; वासरू चारा खाऊ लागले की हे विकर ओसरत जाते, आणि म्हणूनच परंपरागत रेनेट मांसासाठी कापलेल्या दूधपित्या वासरांच्या आमाशयांतूनच काढावे लागते. ज्या साधनाने लेकराने आईचे दूध पोटात धरून ठेवायचे, ते साधन त्या लेकराच्या मृत देहातून काढून आईच्या दुधात घालायचे, हे वाचल्यावर आजींनी तुकडा खाली का ठेवला हे मला निराळे सांगावे लागले नाही.

मोझरेल्लाचे माहेर इटलीतला कांपानिया प्रांत. कासेर्ता आणि सालेर्नो या भागांत ते म्हशींच्या दुधापासून करतात, आणि उष्ण, ताणलेल्या गोळ्यातून कारागीर अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीने तुकडा तोडतो म्हणून, तोडणे या अर्थाच्या 'मोत्सारे' या क्रियापदावरून त्याला हे नाव पडले. पोपच्या पाकशाळेतील बल्लव बार्तोलोमेओ स्काप्पी याच्या १५७० सालच्या पाकग्रंथात ते नाव आढळते. १९९६ साली युरोपीय संघाने तेथील म्हशीच्या मोझरेल्लाला स्थलनामाचे संरक्षण दिले, आणि त्याच्या नियमपत्रात वासराचे रेनेट उघडपणे नमूद आहे. तेथे ही गोष्ट कोणी लपवीत नाही. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घरात तोच पदार्थ येतो, तेव्हाच ती प्रश्नाचे रूप घेते.

ग्रंथांत शिरण्यापूर्वी या प्रश्नाचा तपास हाताने करावा असे मला वाटले. गवळ्याकडून म्हशीचे दोन लिटर धारोष्ण दूध मी स्वतः आणले आणि घरच्या रीतीविरुद्ध ते उकळले नाही, कारण उकळलेल्या दुधातली इतर प्रथिने काप्पा-केसीनला चिकटून बसतात आणि मग रेनेटचे काही चालत नाही. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून दुधात मिसळले, दूध बत्तीस अंशांपर्यंत कोमट केले, आणि बुरशीपासून मिळवलेल्या रेनेटच्या गोळीचा चौथा हिस्सा गार पाण्यात कालवून त्यात सोडला. दहा-बारा मिनिटांनी सुरी उभी घातली, तर दुधात स्वच्छ चीर पडली आणि त्या चिरेत पिवळसर निवळ पाणी झिरपून आले. वड्या कापून, मंद आचेवर पाणी सुटू देऊन, निथळलेला लगदा जेव्हा मी कढत पाण्यात बुडवून ताणू लागलो, तेव्हा बोटे भाजत होती. पहिल्या दोन ओढींना तो तुटला, तिसऱ्या ओढीला लांबला, आणि मग दुमडावा तसा अधिकाधिक तुकतुकीत होत गेला, इतका की खिडकीचा उजेड त्याच्यावर पडून त्यात तंतूंच्या रेघा दिसू लागल्या. आम्लाने काही कॅल्शियम काढून नेल्यामुळे प्रथिनांचे जाळे सैल होते आणि ताणाच्या दिशेने ओळीत बसते, हे मी वाचले होते. पण हाताला ते जाणवले तेव्हा मनात दुसराच विचार होता. ते चिमूटभर रेनेट आता कुठे होते? ज्याच्यावाचून यातले काहीच घडले नसते, ते सर्व काही घडवून दिसेनासे झाले होते.

आपल्या दर्शनांनी कारणाचे जे भेद केले, त्यांत उपादान आणि निमित्त यांचा भेद मुख्य आहे. घटाचे उपादान माती. कुंभार, त्याचा दंड आणि चक्र ही निमित्ते. घटात माती राहते, दंड राहत नाही. घट फुटला तर खापऱ्या मातीच्या निघतात, त्यांत चाकाचा अंश सापडत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जगाच्या उत्पत्तीसाठी दुधाचाच दृष्टांत घेतला आहे, आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी पूर्वपक्षाची हरकत मोकळेपणाने दाखल करून घेतली आहे, की दुधाचे दही होण्याला उष्णता इत्यादी बाह्य साधने लागतातच. तिला त्यांचे उत्तर असे की, दही होण्याचे सामर्थ्य दुधाचे स्वतःचेच असते, बाहेरची साधने त्याला केवळ त्वरा देतात, कारण ते सामर्थ्य मुळात नसते तर कोणत्याही उपायाने ते आणता आले नसते. दूर ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही गर्भोत्पत्तीचा विचार करताना दूध गोठवणाऱ्या अंजिराच्या चिकाचा दाखला देऊन म्हटले आहे की, तो चीक दुधाचे रूपांतर करतो, पण त्या घट्ट गोळ्याचा भाग होत नाही. हा युक्तिवाद मान्य केला तर आजींच्या शंकेचा निकाल तेथल्या तेथे लागतो: दूध दूधच होते, वासरू केवळ निमित्त होते, आणि निमित्त कार्यात उरत नाही.

परंतु त्याहून कितीतरी प्राचीन असा एक निवाडा याच्या नेमका उलट जातो. दर्श यागात इंद्रासाठी दुधाचे जे हविर्द्रव्य सिद्ध करतात, त्याच्या प्रसंगाने तैत्तिरीय संहितेत असा विचार आला आहे की, दूध कशाने विरजले यावर ते कोणाचे झाले हे ठरते: पूतीक वनस्पतीने किंवा पळसाच्या सालीने विरजले तर ते सोमाचे, बोरांनी विरजले तर राक्षसांचे, तांदुळांनी विरजले तर विश्वेदेवांचे, नेहमीच्या आतंचनाने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या द्रव्याने, विरजले तर मनुष्यांचे, आणि दह्यानेच विरजले तर इंद्राचे. हे मी प्रथम वाचले तेव्हा शेजारच्या आजीच यज्ञमंडपात येऊन प्रश्न विचारीत आहेत असा मला भास झाला. दूध एकच, गायही तीच. तरी निमित्त बदलताच त्या दुधाची मालकी बदलते, असे त्या ऋषींना वाटले, आणि याज्ञिकांचा हा केवळ शब्दच्छल होता असे मला म्हणवत नाही.

या दोन मतांत विरोध आहे असे प्रथमदर्शनी दिसते. पण थोडा विचार केल्यावर ध्यानात येते की, ती दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. द्रव्याच्या दृष्टीने आचार्यांचे म्हणणे खरे आहे. संबंधाच्या दृष्टीने संहितेचे खरे आहे. पदार्थाचे पृथक्करण करून त्यात वासराचा अंश किती सापडतो, हा प्रयोगशाळेचा मामला झाला. माझे जेवण आणि त्या वासराचा मृत्यू यांच्यामध्ये कोणता दुवा आहे, हा धर्माचा मामला आहे, आणि त्याची दप्तरे प्रयोगशाळेत ठेवलेली नसतात.

त्या दुव्याची चिकित्सा जैन आचार्यांनी जितक्या बारकाईने केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात संकल्प, सामग्रीची जुळवाजुळव आणि प्रत्यक्ष प्रारंभ या तीन अवस्था. मन, वाणी आणि काया ही तीन द्वारे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केले असता मान्य केलेले असे तीन प्रकार. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, असा हिशेब मांडला आहे. त्यांचा गुणाकार एकशे आठ होतो. पतंजलींनीही हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे भेद केले, आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मारणाऱ्याच्या पंक्तीला संमती देणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा यांनाही बसवले. बौद्ध भिक्षूंसाठी मर्यादा वेगळी आखली गेली: आपल्यासाठी प्राणी मारला असे ज्याने पाहिले नाही, ऐकले नाही, आणि ज्याला तशी शंकाही आली नाही, त्याला ते अन्न निषिद्ध नाही. भिक्षेकऱ्याला निवड नसते, म्हणून हा नियम त्याच्यापुरता न्याय्य आहे. पण आपण भिक्षेकरी नाही. आपण दुकानात उभे राहून, पैसे मोजून, दोन डब्यांतला एक उचलतो, आणि खरेदी ही आजच्या जगातली अनुमोदनाची सही आहे. एकदा विचारलेला प्रश्न कानांवर आला की मग 'शंका आली नाही' ही कैफियतही रुजू करता येत नाही.

डब्यावरचा हिरवा ठिपका मी मग भिंगाखाली पाहिला. भारतीय अन्नमानकांत चीज हे अप्राणिज रेनेटने किंवा तशाच अन्य योग्य द्रव्याने साकळलेले असावे असे सांगितले आहे. ते रेनेट बहुधा बुरशीपासून येते, किंवा वासराच्या कायमोसिनची जनुकीय आज्ञा सूक्ष्मजीवांत उतरवून त्यांच्याकडून करवून घेतलेले असते. अशा कायमोसिनला अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली. येथे अस्सल दस्तऐवज वासराचा, पण प्रचारात आहे ती नक्कल. आणि नक्कल कितीही वेळा उतरवली तरी त्यासाठी दुसरे वासरू लागत नाही. या व्यवस्थेबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. माणसाला आपल्या रसनेचा हट्ट पुरवताना एखाद्या जीवाला वाचवण्याची युक्ती सुचली, हा मी विज्ञानाचा लहान विजय मानीत नाही.

म्हणून मी घरी केलेला गोळा घेऊन आजींकडे गेलो, आणि रेनेट कशाचे होते ते सविस्तर सांगितले. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. "बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि मग विचारले, "आणि रेडकाला ठेवलं होतं का दूध?"

या प्रश्नाचे उत्तर मात्र मला ठाऊक होते, कारण त्या पहाटे मी गोठ्यात उभा होतो. गवळ्याने रेडकू सोडले, त्याने कासेला दोन ढुशा दिल्या, म्हशीने पान्हा सोडला, आणि त्याच क्षणी दावे ओढून त्याला बाजूच्या खुंट्याला बांधले गेले. चरवीत धारा पडत होत्या तोवर ते ओठांवरचा फेस चाटीत तिकडेच पाहत होते. नर होते ते. मी ते पाहिले होते, आणि दूध घेऊन घरी आलो होतो.

गांधीजींनी १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले. दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रौर्याची हकिकत हे त्याचे एक कारण होते. पुढे जिवावरच्या दुखण्यात, व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैसच होती या आधारावर त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि आत्मकथेत स्वच्छ कबूल केले की, आपण व्रताचा शब्द पाळला, आत्मा पाळला नाही. हिरवा ठिपका हा असा शब्द आहे. तो खोटा नाही, निरर्थकही नाही. पण रेनेटच्या आधी दूध आहे, आणि दुधाच्या आधी ज्याच्यासाठी ते उतरले ते लेकरू आहे. वासरू हे मोझरेल्लाचे निमित्त असते असे मी समजत होतो. खरे पाहता दुधाच्या प्रत्येक थेंबाचेच ते निमित्त आहे, माझ्या सकाळच्या चहाचेदेखील.

मग काहीच खाऊ नये काय? ज्याची तेवढी तयारी असेल त्याला माझा नमस्कार आहे. माझी नाही, आणि तसे सोंग आणणे ही दुसरी हिंसा होईल. पण जो निमित्ताला पुसून टाकत नाही, त्याच्यावर एक देणे उभे राहते, आणि देणे फेडता येते, निदान अंशतः. आजींच्या माहेरी तीन सड घरासाठी आणि एक वासरासाठी असा दंडक होता, आणि खरवसाच्या चिकातही वासराचे पोट भरल्यावर उरेल तेच घरात येई. सूत्रे न वाचलेल्या त्या घराला एवढे कळत होते की, निमित्त कार्यात उरत नसले तरी त्याचा वाटा उरतो.

पुढच्या खेपेला मी गवळ्याला पुरे पैसे देऊन एक सड सोडायला सांगितले. तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला आणि मग त्याने दावे सैल केले. त्या रेडकाचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्याने सुटला नाही, हे मला ठाऊक आहे. आणि तो माझ्या नावावर शिल्लक आहे, हेही मी विसरू इच्छीत नाही. त्या दिवशी दूध कमी आले, गोळाही लहान झाला. संध्याकाळी, सूर्य अजून वर असताना, आजींनी त्यातला एक तुकडा घेतला.