जाब विचारण्याचा अधिकार

केंब्रिज अ‍ॅनालिटिका या लंडनच्या कंपनीने फेसबुकवरील कोट्यवधी लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी मिळवल्याची बातमी मार्च २०१८ मध्ये फुटली, तेव्हा चौकशी आधीच सुरू होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनहॅम यांनी ७ मार्चला कंपनीकडे नोंदी मागितल्या होत्या. मुदत उलटली, उत्तर आले नाही. १९ मार्चच्या संध्याकाळी कंपनीच्या कार्यालयात तपासनीस पोचले खरे, पण ते फेसबुकने नेमलेल्या खासगी संस्थेचे होते. ज्या फेसबुकची चौकशी चालू होती, त्याचीच माणसे आत आणि कायद्याने नेमलेल्या आयुक्त बाहेर! डेनहॅम यांनी हरकत घेतल्यावर ती माणसे निघून गेली. खुद्द आयुक्तांच्या अधिकाऱ्यांना मात्र आत जायला न्यायालयाचा आदेश लागत होता. तो २३ मार्चच्या संध्याकाळी मिळाला. त्या रात्री १८ अधिकारी आत गेले आणि पहाटे तीनच्या सुमारास बाहेर आले. मधल्या चार दिवसांत काय हलवले, काय पुसले गेले असेल, या शंकेला कायद्यानेच जागा करून दिली होती.

खासगीपणाविरुद्धच्या गुन्ह्याचे वेगळेपण इथे आहे. घरफोडी झाली की कुलूप तुटलेले दिसते. माहिती चोरीला गेली तर ज्याची गेली त्याला पत्ताही लागत नाही, आणि सगळा पुरावा ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच संगणकात असतो. त्यामुळे नियामकाला माहिती मागण्याचा, वेळेत मागण्याचा आणि न दिल्यास शिक्षा घडवण्याचा अधिकार नसेल, तर खासगीपणाचा हक्क कागदावरच राहतो.

न्यूयॉर्कचे प्राध्यापक डेव्हिड कॅरोल यांनी याच कंपनीकडे स्वतःबद्दलची माहिती मागितली होती. मिळाली ती अर्धवट. आयुक्तांनी विचारणा केली तेव्हा कंपनीने कळवले, की अफगाणिस्तानातल्या गुहेत बसलेल्या तालिबानी माणसाला जितका हक्क आहे, त्याहून जास्त हक्क या गृहस्थांना नाही. आयुक्तांनी मे २०१८ मध्ये अंमलबजावणीची नोटीस बजावली. कंपनीने तीही धुडकावली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या समूहातील एससीएल इलेक्शन्स या कंपनीला १५,००० पौंड दंड केला. तोवर तिचे दिवाळे निघालेले होते.

या प्रकरणातून ब्रिटनने धडा घेतला. मे २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने तातडीच्या प्रसंगी २४ तासांत माहिती मागण्याची मुभा आयुक्तांना दिली. जाणूनबुजून खोटे सांगणे आणि मागितलेली माहिती नष्ट करणे किंवा दडवणे हे गुन्हे ठरले. त्याच कायद्याने आयुक्तांनाही मर्यादा घातल्या: वकील आणि अशिलातला सल्ला मागता येत नाही, स्वतःलाच गुन्ह्यात अडकवणारी माहिती देण्याची सक्ती करता येत नाही, आणि नोटिशीविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागता येते. या मर्यादा मला अधिकाराइतक्याच मोलाच्या वाटतात. खासगीपणाचा राखणदारच लोकांच्या घरात डोकावू लागला, तर तक्रार करायची कोणाकडे?

आता आपल्याकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्याने डेटा संरक्षण मंडळाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत: समन्स काढणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे आणि डेटा तपासणे. मात्र ज्याच्या जप्तीने दैनंदिन कामकाजाला बाधा येईल असे एकही उपकरण मंडळाला ताब्यात घेता येत नाही. २०१९ च्या विधेयकात न्यायालयाच्या परवानगीने झडती आणि जप्तीची तरतूद होती, ती गळाली. ज्या कंपनीचा धंदाच सर्व्हरवर चालतो, तिथे कामकाजाला बाधा न आणता नेमके काय जप्त करणार?

दुसरीकडे, कायद्याचे कलम ३६ केंद्र सरकारला कायद्याच्या प्रयोजनासाठी कोणत्याही कंपनीकडून, आणि खुद्द मंडळाकडूनही, माहिती मागवण्याची मुभा देते. देशाच्या सुरक्षेचे कारण असेल, तर अशी मागणी झाल्याचे संबंधित व्यक्तीला न सांगण्याचा आदेशही नियमांप्रमाणे देता येतो. मंडळाचे अध्यक्ष आणि सदस्य नेमते केंद्र सरकारच, तेही दोन वर्षांसाठी, आणि फेरनेमणुकीची सोय ठेवून. शिवाय सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सुरक्षेसारख्या कारणांसाठी या कायद्यातून सूट देऊ शकते. म्हणजे मंडळाने कंपनीला जाब विचारावा, पण सरकारला विचारण्याची वेळ आली तर फेरनेमणूक सरकारच्याच हाती आहे हे लक्षात ठेवून विचारावा.

म्हणून मागणी दुहेरी हवी. मंडळाला न्यायालयाच्या देखरेखीखाली झडतीचा अधिकार द्या आणि पुरावा नष्ट करणाऱ्याला शिक्षा ठेवा. त्याच वेळी मंडळाची नेमणूक सरकारच्या मुठीतून सोडवा आणि कलम ३६ खालच्या प्रत्येक मागणीवर स्वतंत्र देखरेख ठेवा. माहितीच्या अधिकारासाठी महाराष्ट्राने मोठे आंदोलन उभे केले होते. सरकारकडे माहिती मागण्याचा हक्क आपण भांडून मिळवला. आपल्या माहितीचे काय केले, हे सरकार आणि कंपनी दोघांनाही विचारू शकेल अशा निर्भय मंडळासाठीही आता भांडावे लागेल. आपल्या खासदाराला संसदेच्या पुढच्या अधिवेशनाआधी एवढे एक पत्र जरूर लिहा.