वरून ओतलेलं आणि हातात दिलेलं



'रक्ताला जात नसते' हे वाक्य आपण लई वेळा ऐकलंय. १४ एप्रिलला रक्तदान शिबिर असलं की मांडवात हे वाक्य टांगलेलं असतंच. बाटलीतल्या रक्ताला जात नाही, सलाईनच्या पाण्याला जात नाही, सुईला जात नाही. टाळ्या पडतात. मीही वाजवतो. वाक्य खोटं नाही. पण मला प्रश्न पडतो तो असा : वस्तूला जात नाही म्हणून ती वस्तू ज्या हातांतून आपल्यापर्यंत येते, त्या हातांची जात मिटते काय? आणि एखादा शोध माणसाचा जीव वाचवतो, तेवढ्यानं तो माणसाला माणूस मानतो काय?

मी सेनगावात जिनिंगमध्ये काम करतो. शाळा अर्धी झाली, बाकीचं वाचून मिळवलं. यंत्राजवळ उभं राहून माणूस एक गोष्ट शिकतो. रोलरला जात नसते. बोट सापडलं तर मालकाचंही ओढील, माझंही ओढील. पण सबंध हंगामात मालकाचं बोट रोलरजवळ येतच नाही. कापूस टाकायला कोण, गाठी ओढायला कोण, काट्यावर कोण आणि गादीवर कोण, हे यंत्र बसवायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून 'यंत्राला जात नाही' हे अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं आपल्यालाच लिहावं लागणार.

आधी रक्ताचंच बघू. कार्ल लँडस्टायनरनं १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले. त्या गटांत ब्राह्मण नाही, महार नाही, गोरा नाही, काळा नाही. पुढं १९४० साली चार्ल्स ड्रू नावाच्या काळ्या अमेरिकन डॉक्टरनं रक्तातला द्रव वेगळा काढून, साठवून, लढाईत होरपळणाऱ्या इंग्लंडला धाडायची मोठी मोहीम चालवून दाखवली. त्या कामाचा तो जाणता माणूस. आणि त्याच अमेरिकेत रेडक्रॉसनं काळ्यांचं रक्त आधी नाकारलं, नंतर घेतलं ते वेगळं ठेवून. बाटलीवर चिठ्ठी लावून. ही वेगळी मांडणी १९५० पर्यंत चालली. ज्याच्या हातानं रक्त साठवायची घडी बसली, त्याच्याच माणसांचं रक्त वेगळ्या फळीवर! रक्ताला रंगभेद माहीत नव्हता. बाटलीलाही नव्हता. चिठ्ठी लावणाऱ्या हाताला होता.

आपल्याकडं बाटलीपर्यंत जायचीही गरज पडली नाही. पाण्याचा नळ केवढा साधा शोध. तोटी फिरवा, पाणी येतं. बाबासाहेबांनी आपल्या शाळेची आठवण लिहून ठेवलीय. नळ होता, नळाला पाणी होतं, पोराला तहान होती. पण तोटीला हात लावायचा नाही. शिपाई येऊन तोटी सोडील तेव्हा प्यायचं. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. म्हणजे नळाचा शोध लागला होता, फक्त आमच्यासाठी लागला नव्हता.

दुसरी गोष्टही बाबासाहेबांनीच नोंदवलीय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलं होतं. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मिनतवाऱ्या झाल्या, दोन रुपये फी ठरली, तेव्हा आला तो वस्तीच्या बाहेरपर्यंत. ओल्या बाळंतिणीला घरातून बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावला. परतीचा रस्ताही तसाच. डॉक्टरनं दिव्याच्या उजेडात पारा बघितला, न्यूमोनिया झालाय म्हणाला आणि निघून गेला. ती बाई मेली.

विचार करा दोस्तहो. थर्मामीटर हा आजाऱ्याच्या अंगातला ताप जाणायचा, म्हणजे आजाऱ्याच्या जवळ जायचा शोध. त्या डॉक्टरनं त्याचा लांब राहायचा शोध केला. काचेची तीच नळी, तोच पारा. पण मधल्या दोन हातांनी तिचा अर्थ फिरवून टाकला.

आता सलाईन घ्या, कारण आपल्या तालुक्यात दवाखाना म्हणजे सलाईनच. त्याचा उगम पटकीत आहे. १८३२ साली स्कॉटलंडात पटकीची साथ होती. ओ'शॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरनं रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं होतं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत. ते वाचून थॉमस लॅटा या डॉक्टरनं मिठाचं कोमट पाणी थेट शिरेत सोडलं. त्याची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती, सगळे उपाय थकलेली. अर्ध्या तासात तिचे बसलेले डोळे उजळले. लॅटा निघून गेल्यावर पुन्हा जुलाब-उलट्या लागल्या आणि ती वारली. पण पुढचे काही रोगी जगले. एवढं होऊनही कित्येक वर्षं ही रीत मागं पडून राहिली. शोध लागणं वेगळं आणि तो माणसांपर्यंत पोचणं वेगळं, हे तेव्हापासूनचं आहे.

बाटलीत काय असतं? साध्या सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. चहाचा चमचाही शिगोशीग भरत नाही. पैसे मिठाचे नसतात. पाण्यात एकही जंतू नसण्याचे असतात, कारण ते सरळ रक्तात जायचं असतं. बाटली उंच टांगायची, खाली थेंबाची कुपी, त्याखाली चाकाची चिमटी. साध्या सेटमध्ये २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. ना इंजिन, ना वीज. निव्वळ उंचीवर चालणारं यंत्र.

मायला एकदा एका दवाखान्यात सलाईन लावलं, तेव्हा स्टँड नव्हता. पाऊण तास बाटली धरून मी उभा होतो. सिस्टरनं बजावलं होतं, "हात खाली आणू नको रे, बाटली खाली आली की रक्त उलटं चढतं." शिरेतल्या रक्तालाही दाब असतो, त्याच्यापेक्षा बाटली उंच पाहिजे. त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आमचा आज्या सांगायचा, विहिरीवर आपण खाली बसायचं, ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं.

पण इथं घाई करू नये. कविता लिहिणाऱ्याला असली उपमा सापडली की तो नाचायला लागतो. दोन्ही उंच्या एक नव्हेत. सलाईनची बाटली वर असते ती शिरेतल्या दाबापायी. आज्याच्या ओंजळीतलं पाणी वरून पडायचं ते ओतणाऱ्याच्या मनातल्या घाणीपायी. पृथ्वीच्या ओढीवर मनुस्मृतीचा आरोप करता येत नाही. पटकीनं बेशुद्ध पडलेल्या माणसाला, उलट्या थांबत नाहीत अशा लेकराला शिरेतलं सलाईनच वाचवतं. त्याला पर्याय नाही.

तरीही दोन्हींत एक गोष्ट सारखी राहते. खाली असलेला माणूस फक्त वर बघतो. विचारत नाही. ऊसतोडीवरून परत आलेला माणूस, खुरपून वाकलेली बाई दवाखान्यात जाते आणि म्हणते, "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा." दोन-तीन दिवसांची मजुरी त्या बाटलीत जाते. तोंडानं पिता-खाता येतं अशा माणसाच्या शिरेत साडेचार ग्रॅम मीठ जातं. डॉक्टर लावतो, कारण लोक मागतात. लोक मागतात, कारण डॉक्टर लावतो. अशक्तपणा असतो भाकरीचा, आणि त्याला उत्तर मिळतं वरून लोंबणारं. पिढ्यान् पिढ्या आम्हांला जे काही मिळालं ते वरून पडलं. म्हणून वरून पडणारं ते भारी, अशी सवयच लागून गेली.

कुणी म्हणेल, जाणकार माणसं बघून घेतात, आजाऱ्यानं कशाला विचारायचं? तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची गोष्ट आठवा. जानेवारी-फेब्रुवारी १९८६. रोग्यांना ग्लिसरॉल नावाचं औषधी द्रव दिलं गेलं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. १४ माणसं मेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली, आणि खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी कशी किडली होती ते उघडं पडलं. गोडसर, नितळ द्रव. डोळ्यांना विष दिसत नाही. साखळीत शिकलेले लोक पुष्कळ होते. प्रश्न विचारणं ज्याच्या जिवावरचं होतं, तो मात्र विचारायच्या जागेवर नव्हता.

आता एक असा शोध सांगतो की ज्यानं बाटली खुंटीवरून खाली उतरवली.

१९७१ साल. बांगलादेशच्या लढाईतून पळालेले लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले होते. सरहद्दीजवळ बनगावला छावणी. पटकी पसरली. दवाखान्यात दोन खोल्या, १६ खाटा, बाकी माणसं जमिनीवर. डॉ. दिलीप महालनबीस यांना हगवणीत आणि ओकारीत गुडघे टेकून माणसांची शिर शोधावी लागत होती. काठेवाडच्या त्या डॉक्टरशेजारी हा डॉक्टर उभा करून बघा. शिरेतलं सलाईन संपत आलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, तोंडानं द्यायचं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. त्यातलं शास्त्र आधीच्या दहा वर्षांत कळलेलं होतं : आतड्यात साखर शोषली जाते तेव्हा ती मिठाला सोबत घेऊन जाते आणि मिठामागं पाणी जातं. नुसतं पाणी पाजलं तर निघून जातं, ह्या तिघांनी मिळून ते थांबतं.

पिंपात हे पाणी कालवलं. पिंपाला तोटी. आणि तोटीशी शिपाई नव्हता! माय, बाप, भाऊ, शेजारी जो असेल त्यानं पेला भरायचा आणि आपल्या माणसाला पाजायचा. छावणीतलं मरणाचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. मोठ्या डॉक्टरांना आधी पटेना. १९७८ साली 'लॅन्सेट'नं लिहिलं की शतकातला हा कदाचित सगळ्यांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. महालनबीस २०२२ साली गेले. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मेल्यावर.

माझ्या मते ह्या शोधाचं मोठेपण साखर-मिठाच्या मापात जेवढं आहे, तेवढंच हात बदलण्यात आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, ही मांडणीच त्यानं मोडली. जाणत्याच्या हातातलं ज्ञान अडाणी म्हटल्या गेलेल्या मायच्या हातात गेलं आणि त्या हातानं चूक केली नाही. म्हणून शोधाला लावायचं माप मी असं धरतो : तो वरून ओतला जातो की हातात दिला जातो? ज्याला गरज आहे त्याला कुणाच्या तोंडाकडं न बघता तो वापरता येतो का?

पण इथंही आपली गोष्ट संपत नाही. साखर-मीठ चिमटीत येईल, पाणी कुठून आणायचं? स्वच्छ एक लिटर पाणी नसेल तर पुडी खिशातच राहते. आणि वस्तीच्या पाण्याचा प्रश्न आला की आपण महाडला जाऊन पोचतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. वरून ओतलेलं नाही, खाली वाकून स्वतः घेतलेलं. नंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून! पिण्याच्या पाण्यात शेण कालवणं म्हणजे शुद्धी.

त्याच्याही आधी, १८४७ साली, व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की बाळंतिणी मरतात त्या आम्हां डॉक्टरांच्या हातांमुळं. प्रेतं चिरलेले हात आम्ही तसेच त्यांना लावतो. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मरणं घटली. ह्या दोन शुद्ध्या शेजारी ठेवा. जातीची शुद्धी म्हणते, तुझा हात घाण आहे. विज्ञानाची शुद्धी म्हणते, थांब, आधी माझा हात धुतो. पहिली माणूस मारते, दुसरी वाचवते. सलाईनच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या शुद्धीनं तयार होतं, आणि पुष्कळदा ते देणारं मन अजून पहिलीत अडकलेलं असतं.

म्हणून 'रक्ताला जात नसते' यावर थांबू नका. वस्तूच्या निर्जातपणावर टाळ्या वाजवून आपलं काम होत नाही. शिबिर जरूर घ्या, रक्त जरूर द्या. पण त्याच मांडवात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ आणि एक लिटर स्वच्छ पाणी कसं कालवायचं हे आपल्या बायाबापड्यांना दाखवा. आशाताईकडं पुड्या असतात, त्या मागून घ्या. दवाखान्यात बाटली टांगली जाईल तेव्हा विचारा : यात काय आहे, कशासाठी आहे, तोंडानं चालणार नाही का? आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, वस्तीच्या नळाला पाणी किती वाजता येतं आणि गावाच्या नळाला किती वाजता.

विचारणाऱ्याला उद्धट म्हणतील. म्हणू द्या. तळ्यावर गेलेल्यांनाही म्हणाले होते.

जयभीम.