थांबावे केव्हा?

कार्यास आरंभ केव्हा करावा, ह्याविषयी आपल्याकडे उपदेशाची वाण कधीच पडली नाही. ते सोडावे केव्हा, ह्याविषयी मात्र दोनच ठाम उत्तरे आपणांस ठाऊक आहेत. पहिले स्मृतिकारांचे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे मुख पाहिले, म्हणजे गृहस्थाने अरण्याची वाट धरावी असे मनूने सांगून ठेविले आहे. दुसरे उत्तर सरकारचे. त्याला सुरकुत्यांशी वा नातवाशी कर्तव्य नाही. राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांना अठ्ठावन्नावे वर्ष पुरे झाले की नारळ मिळतो. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत ह्यात शंका नाही. परंतु सोय आणि न्याय ह्या वस्तू भिन्न आहेत. आणि जो मनुष्य ह्या उत्तरांना न जुमानता आपल्या कामाला चिकटून राहतो, त्यास लोभी म्हणावे की निष्ठावान म्हणावे, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडून काही वर्षे लोटली असल्यामुळे हा प्रश्न आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही, हे वाचकांस प्रारंभीच सांगून टाकणे बरे.

प्रश्न स्पष्ट व्हावा म्हणून एक दूरचे उदाहरण घेऊ. बर्फावरून घसरत येऊन आकाशात उडी घेण्याचा एक खेळ थंड देशांत आहे. वैशाखात ज्यांच्या घराचे पत्रे दुपारी हात लावू देत नाहीत, त्या जळगाव-धुळ्याच्या वाचकांस त्याची कल्पना करणे थोडे जड जाईल. उंच उतरणीवरून, पायांस लांब पट्ट्या बांधलेला खेळाडू ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो; उतरणीच्या टोकाशी नेमक्या क्षणी शरीर झोकून देतो; आणि मोठ्या टेकडीवर सव्वाशे मीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर हवेतून कापून पुन्हा बर्फावर उतरतो. अंतर मोजले जाते, उडीच्या व उतरण्याच्या रीतीस गुण दिले जातात, आणि निकाल लागतो. असा हा क्षणाचा खेळ. तो तरुणांचा असणार हे उघड आहे.

ह्या खेळात जपानच्या होक्काइदो बेटावरील शिमोकावा गावी १९७२ मध्ये जन्मलेला नोरिआकी कासाई हा १९८८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत उतरला. १९९२ पासून २०१८ पर्यंतच्या आठ हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत त्याने भाग घेतला. त्याने आरंभ केला तेव्हा पायांच्या पट्ट्या एकमेकींस समांतर ठेवून उडण्याची रीत होती. यान बोक्लेव्ह नावाच्या स्वीडिश खेळाडूने त्या पुढच्या बाजूने फाकून उडण्यास प्रारंभ केला, तेव्हा परीक्षकांनी नाके मुरडली. पण नव्या रीतीने अंतर अधिक कापले जाते हे सिद्ध झाल्यावर साऱ्यांनाच ती उचलावी लागली. कासाईनेही एकवार शिकलेली विद्या मोडून नव्याने शिकून घेतली. १९९८ साली ऑलिंपिक त्याच्याच देशात, नागानो येथे भरले. जपानच्या चौघांनी सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत कासाई नव्हता. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१४ मध्ये सोची येथे, मोठ्या टेकडीवरील वैयक्तिक स्पर्धेत त्यास रौप्यपदक मिळाले. त्या वेळी तो एकेचाळीस वर्षांचा होता. सुवर्णपदक मिळविणारा पोलंडचा कामिल स्टोख त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता, आणि दोघांत अंतर होते ते केवळ १.३ गुणांचे. पुढे २०२४ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, हा गृहस्थ साप्पोरो येथे जागतिक स्पर्धेच्या उतरणीवर पुन्हा उभा राहिला.

ही हकीकत ऐकून बहुतेक लोक एकच तात्पर्य काढतील: चिकाटी धरावी, फळ मिळतेच. हे तात्पर्य आम्हांस मान्य नाही. त्यात दुकानदारी आहे. सोळा वर्षे भांडवल गुंतविले आणि अखेर व्याजासह वसूल झाले, असा त्याचा अर्थ होतो. समजा, सोचीला त्या दिवशी वारा प्रतिकूल असता आणि पदक मिळाले नसते, तर ती सोळा वर्षे मूर्खपणाची ठरली असती काय? ज्या वर्तनाची योग्यता त्याच्या शेवटी हाती पडणाऱ्या चकतीवर अवलंबून राहते, ते वर्तन नैतिक दृष्ट्या विचार करण्याजोगे नव्हे. तो जुगार होय. म्हणून ज्याच्या हाती अशी चकती पडलीच नाही, असे उदाहरण आपण घेतले पाहिजे. आणि त्यासाठी जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही.

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दिनकर बळवंत देवधर हे १८९२ साली जन्मले. प्रथम दर्जाचे क्रिकेट ते १९११ पासून १९४८ पर्यंत खेळले. १९२६ मध्ये गिलिगनच्या नेतृत्वाखाली आलेल्या विलायती संघाविरुद्ध मुंबईस त्यांनी १४८ धावा काढल्या. हिंदुस्थानचा संघ विलायतच्या बरोबरीने उभा करण्याजोगा आहे, हे ज्या खेळींमुळे पटू लागले त्यांत ह्या खेळीची गणना होते. परंतु १९३२ च्या जून महिन्याच्या २५ तारखेस लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा देवधर त्या संघात नव्हते. त्यांचे चाळिसावे वर्ष नुकतेच उलटले होते. पुढेही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास कधी आला नाही.

येथे एखादा शहाणा मनुष्य थांबला असता. देवधर थांबले नाहीत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४० मध्ये मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांस एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. १९४४ साली, त्रेपन्नाव्या वर्षात, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली. ते १९९३ पर्यंत, वयाची शंभरी ओलांडून, जगले. त्यांच्या नावाचा करंडक झाला, पद्मभूषण झाले. पण हे सारे फार पुढचे. चाळिसाव्या वर्षानंतर ते ज्या वेळी उन्हात उभे राहत होते, त्या वेळी सर्वोच्च मानाचे दार त्यांच्यासाठी जवळजवळ मिटल्यासारखेच होते. तरी खेळण्यात अर्थ होता काय, असा खरा प्रश्न आहे.

योगायोग असा की, ह्याच १९३२ सालच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, म्हणजे लॉर्ड्सच्या सामन्यापूर्वी सहा दिवसांपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत होते. फळाचा त्याग आणि कर्माचा त्याग ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा गीतेचा विचार खानदेशास त्या भिंतींआडून नव्याने मिळाला. अठराव्या अध्यायात एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. शरीरास क्लेश होतील ह्या भयाने जो कर्म टाकतो, त्याचा त्याग राजस होय. त्यास त्यागाचे फळ लाभत नाही. आम्ही ह्यात एवढीच भर घालू की, हसे होईल ह्या भयाने कर्म टाकणे हेही त्याच जातीचे आहे. कीर्ती शिखरावर असतानाच निघून जावे, असे ज्यास आपण मोठ्या कौतुकाने शहाणपण म्हणतो, त्यात पुष्कळदा त्याग नसून साठवण असते. मिळविलेली कीर्ती झिजू नये म्हणून मनुष्य ती पेटीत घालून कुलूप लावतो. उलट, ज्याने पन्नाशीत पुन्हा उतरणीवर पाय ठेविला, त्याने आपली कीर्ती रोज पणास लावली.

परंतु ह्या विचाराविरुद्ध एक बळकट आक्षेप आहे, आणि तो टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हातारा जागा सोडीत नाही, तेव्हा ती जागा कोणाची तरी असते. संघात अकराच माणसे मावतात. ययातीची कथा ह्याच भयातून निर्माण झाली. शुक्राचार्यांच्या शापाने आलेले वार्धक्य त्याने मुलांपुढे केले. पुरूने आपले तारुण्य बापास दिले. आणि सहस्र वर्षे भोगूनही वासना शमत नाही हे कळल्यावर ययातीने ते परत केले. बाप मुलाच्या वाट्याचे आयुष्य खाऊ शकतो, ही भीषण गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. आज आपल्या संस्था पाहाव्या. तीस-तीस वर्षे एकाच खुर्चीवर बसलेले अध्यक्ष, चाव्या कमरेस लावूनच डोळे मिटणारे कुटुंबप्रमुख, आणि चाळिशीत आले तरी 'अजून लहान' ठरलेले त्यांचे पुत्र कोणत्या गावी नाहीत? त्या सर्वांस निष्ठावान म्हणावे काय?

आमच्या मते येथे पद आणि कर्म ह्यांचा विवेक केला पाहिजे. पद हे दुसऱ्याने दिलेले असते आणि ते पूर्वीच्या पुण्याईवर टिकू शकते. कर्माचे तसे नाही. ते रोज नव्याने करावे लागते, आणि त्याचे मापही रोज नव्याने होते. उतरणीवर ज्येष्ठतेस गुण नाहीत. उडी जितके मीटर झाली तितकेच मीटर लिहिले जातात. आठ ऑलिंपिक पाहिलेल्या मनुष्यासाठी मोजपट्टी आखूड होत नाही. फलंदाजाचा त्रिफळा उडाला, तर तो प्राध्यापक आहे की विद्यार्थी हे चेंडू विचारीत नाही. जो तरुणांच्याच मापाने मोजून घेण्यास तयार आहे, तो कोणाचे काही हिरावून घेत नाही. त्याला मागे टाकण्याचा मार्ग तरुणास सदैव मोकळा आहे. ययातीचा दोष वृद्ध असूनही सुख इच्छिले हा नव्हता. स्वतःचे वार्धक्य त्याने दुसऱ्यास भोगावयास लाविले, हा होता.

ह्यावरही कोणी म्हणेल की, देवधर तर संघनायक होते. पद त्यांच्याकडेही होतेच. खरे आहे, आणि म्हणूनच दुसरी कसोटी आवश्यक आहे. वडीलधाऱ्या मनुष्याच्या सावलीत काय उगवते ते पाहावे. देवधर नायक असतानाच, १९३९-४० च्या हंगामात, विजय हजारे ह्या चोवीस वर्षांच्या तरुणाने महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. वडाखाली काही उगवत नाही असे म्हणतात. येथे तर उगवले. ज्याच्या शेजारी तरुण वाढतात त्याचे राहणे उपकारक, आणि ज्याच्या शेजारी ते खुरटतात त्याचे एक दिवसाचे राहणेही अधिक, असे आम्ही म्हणू. वयाचा आकडा ह्या दोन्ही कसोट्यांत कोठेच येत नाही.

खानदेशात ह्या विवेकाची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेविला तो जुनी कागदपत्रे आणि शब्दांची मुळे धुंडाळीतच; त्यांजपाशी सोडण्याजोगे पदच नव्हते. त्यांच्या पश्चात लवकरच, १९२७ साली, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले, म्हणजे त्यांचे काम इतरांच्या हातीही गेले. आणि आसोद्यास जन्मून जळगावात १९५१ मध्ये निवर्तलेल्या बहिणाबाई चौधरी! अक्षरओळख नसलेली ही बाई शेतात आणि घरात राबत राबत ओव्या रचीत राहिली. त्यांचे पुस्तक झाले ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी येते. 'थांबावे केव्हा' हा प्रश्न आम्हां पगारदार पुरुषांसच पडतो. आमच्या घरांतील स्त्रियांना तो कोणी विचारीतही नाही. सत्तराव्या वर्षीही त्यांची भाकरी तव्यावर असते. तिला ना टाळी, ना निवृत्तिवेतन. तेव्हा निवृत्तीवर व्याख्यान देण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून येणे हे गृहस्थाचे कर्तव्यच होय. तेथे कर्मनिष्ठेची स्तुती न करता दोन हातांची मदत केली, तर ती अधिक शोभून दिसेल.

मग थांबावे तरी केव्हा? कधीच थांबू नये असे आमचे म्हणणे नाही. देहास मर्यादा आहे, आणि देवधरही १९४८ नंतर त्या दर्जाचे सामने खेळले नाहीत. आमचे उत्तर एवढेच आहे. आपण चुकलो हे लोक आपल्या तोंडावर सांगेनासे झाले, आपल्यासाठी मोजपट्टी हळूच आखूड करू लागले, आणि ते आपणांस गोड वाटू लागले, म्हणजे समजावे की कर्म संपले असून केवळ पद उरले आहे. त्या दिवशी वय पस्तीस असले तरी उठावे. आणि जोवर माप खरे आहे, हार सोसण्याची तयारी आहे, शेजारी तरुण वाढत आहेत, तोवर पंचाहत्तरीतही संकोच करण्याचे कारण नाही. अडचण एकच आहे: माप आखूड झाले हे ज्याचे त्यास सहसा दिसत नाही. म्हणून आपले काम निर्भीडपणे तोलून सांगणारा एखादा तरुण प्रत्येक वृद्धाने जवळ बाळगावा, आणि त्याने 'आता पुरे' म्हटले तर त्याच्यावर रागावू नये. मुलास मोठे करण्याचे जे श्रम आपण घेतो, त्यांत त्यास हे एवढे बोलण्याचे धैर्य देणे हाही एक भाग आहे. आणि तो आपण बहुधा विसरतो.