गुडघ्याएवढ्या उंचीवरची थंडी

दिवाळी आवरते, आकाशकंदील माळ्यावर जातो आणि एखाद्या रात्री थंडी न सांगता दारात येते. काल पंखा लावून झोपलेलं घर आज गोधड्या शोधतं. सकाळी चहात आलं वाढतं. वर्तमानपत्रात आपण आकडे पाहतो, नाशिकला किती, निफाडला किती, आपल्याकडे किती. आकडा फार खाली नसला की आपण निश्चिंत होतो. पण अंगणात यंदाच्या पावसाळ्यात लावलेलं आंब्याचं कलम असेल, तर तो आकडा त्याचा नाही. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. आपलं कलम जेमतेम दोन फुटांचं. आकाश निरभ्र असतं आणि वारा पडलेला असतो, त्या रात्री जमीन दिवसभराची ऊब वर सोडून देते. तिला लागून असलेली हवा सगळ्यात आधी गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे तिथेच बसून राहते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हे डोळ्यांना दिसतं. गावात पारा शून्याच्या बराच वर असतो, तरी तलावाजवळच्या सखल जागेत गवतावर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरं झालेलं असतं. एकाच गावात, एकाच पहाटे, थंडी वेगवेगळी असते. आपण उभे असतो तिथली वेगळी आणि रोप उभं असतं तिथली वेगळी.

जुना आंबा या गारठ्यातून सहज निभावून जातो. त्याचा शेंडा गार हवेच्या थराच्या वर असतो, साल जाड असते, मुळं खोल गेलेली असतात. लहान झाड मात्र पूर्णपणे त्या थरातच उभं असतं. त्यातही हंगामातली पहिली थंडी जास्त बोचते. मोसंबी-संत्र्यासारखी झाडं हळूहळू गार होत जाणाऱ्या रात्रींना सरावतात. वाढ थांबवतात, अंग आवरून घेतात. मग जानेवारीतला कडाकाही बऱ्यापैकी सोसतात. पण पावसानंतरची कोवळी, तांबूस पालवी अजून अंगावर असताना एकदम पारा उतरला, तर सरावाला वेळच मिळत नाही. पपई आणि केळी तर आणखी नाजूक. जळगावकडचे केळी उत्पादक बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात, ते गार वारा अडवण्यासाठी. थंडीत केळीचा पोंगा अडकतो, पान उलगडतच नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. म्हणून जाणती माणसं थंडी पडायच्या आधीच कामाला लागतात. पावसाळा सरला की लहान झाडाला युरिया देत नाहीत, छाटणीही करत नाहीत. दोन्हींनी नवी फूट येते, आणि नव्या फुटीला हा काळ मानवत नाही.

बाकी कामं अगदी घरगुती आहेत. संध्याकाळी आळ्यात थोडं पाणी द्यायचं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी या दिवसांत हवेपेक्षा कोमट असतं, आणि ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. बुंध्याभोवती उसाचं पाचट किंवा वाळका पाला अंथरायचा, पण खोडाला चिकटवायचा नाही, चार बोटं जागा सोडायची. तिथे ओल साचली तर साल कुजते, वाळवीही लागते. कुंडीतलं लिंबू असेल तर ते संध्याकाळी उन्हाने तापलेल्या भिंतीशी सरकवायचं. भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. प्लास्टिकचा कागद पानांवर थेट टाकू नये. जिथे तो पानाला टेकतो तिथे पान हटकून करपतं. जुनं पोतं, सुती चादर किंवा गोणपाट चांगलं, तेही चार काठ्या रोवून त्यांच्यावर, म्हणजे झाडाला भार होत नाही. सकाळी ऊन आलं की ते काढायचं. रोज घालणं-काढणं जमत नसेल तर खोप करावी. तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा, घरात असेल ते. मला या खोपीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती तिची उघडी बाजू. खोप तिन्ही बाजूंनी आणि वरून झाकतात, पण पूर्व-आग्नेयेची बाजू मोकळी ठेवतात. पहाटेच्या गारठ्यानंतरचं पहिलं ऊन तिथून आत येतं. चारही बाजू बंद केल्या तर झाड रात्रभर उबेत राहील खरं, पण उजेडाअभावी पिवळं आणि लेचंपेचं होईल. वाऱ्यापासून आडोसा हवा आणि उन्हासाठी वाटही हवी.

आपल्या आजूबाजूला अशी पहिल्या थंडीतली माणसं नेहमी असतात. ती वयाने लहानच असतात असं नाही. कचेरीत नुकतीच लागलेली मुलगी. पहिल्यांदाच घराबाहेर, वसतिगृहात राहायला गेलेला भाचा. सत्तरीत मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकणारी आजी. आजारपणानंतर पुन्हा कामावर आलेला शेजारी. त्यांच्याबद्दल आपल्या मनात चांगलंच असतं. फक्त थंडी आपण आपल्या उंचीवरून मोजतो. ‘एवढं काय त्यात?’ किंवा ‘आम्ही नाही का केलं?’ हे आपण धीर देण्यासाठीच म्हणतो, पण तो चार फुटांवरचा आकडा असतो. मुरलेल्या माणसाला जे साहेबांचं साधं बोलणं वाटतं, ते तिसऱ्या आठवड्यातल्या मुलीच्या मनात रात्रभर राहतं. आपल्याला ज्या जेवणाच्या सुट्टीत गप्पा असतात, त्याच सुट्टीत ती कुणाशेजारी बसावं या विचारात डबा हातात घेऊन उभी असते. हे दिसायला फार काही लागत नाही. थोडं वाकावं लागतं. कामावरून निघताना तिच्या टेबलाशी मिनिटभर थांबून ‘आज कुठे अडलं का?’ असं विचारता येतं, किंवा उद्या डबा आपल्यासोबत खायला बोलावता येतं. भाच्याला परीक्षेचे गुण विचारण्याआधी तिथलं जेवण कसं आहे, झोप लागते का, ते विचारता येतं. आणि मदत करताना ती उघडी बाजूही लक्षात ठेवता येते. आजीचं बोट पडद्यावर चुकलं की ‘दे इकडे, मी करतो’ म्हणत मोबाइल काढून घेणं आपल्याला प्रेमाचं वाटतं, आणि ते प्रेमाचं असतंही. पण त्याने तिच्या खोपीची चौथी बाजू बंद होते. शेजारी बसावं, चुकीच्या ठिकाणी पैसे जाणार नाहीत एवढं पाहावं, आणि बटण तिलाच दाबू द्यावं. वेळ दुप्पट लागेल. लागू द्यावा. पुढच्या महिन्यात ती आपल्याला हाक मारणार नाही, स्वतःच बिल भरून मोकळी होईल, आणि दुपारी शेजारणीला सांगेल.

एवढं करूनही एखाद्या पहाटे झाडाचा शेंडा काळा पडतो, पानं उकडल्यासारखी लोंबतात. तेव्हा घाबरून कात्री हातात घेऊ नये. वरून गेलेलं दिसतं त्यातलं बरंच आतून जिवंत असतं, आणि वाळलेला पालाही पुढच्या थंड रात्रींना थोडा आडोसा देतो. नखाने साल अगदी हलके खरवडून पाहावी. आत हिरवं असेल तर झाड आहे. पाणी बेताने द्यावं, खत देऊ नये आणि फाल्गुनापर्यंत थांबावं. ऊन वाढलं की कुठून फूट येते ते पाहावं. कलमाच्या जोडाच्या वरून आली तर ती आपल्या आंब्याची, ती जपावी, आणि मग तिच्या वरचं वाळलेलं छाटावं. जोडाच्या खालून आली तर ती गावठी खुंटाची, ती बोटांनीच खुडावी, म्हणजे सगळा जोर वर जाईल. आज संध्याकाळी घरी याल तेव्हा आकाश स्वच्छ असेल आणि पान हलत नसेल, तर माळ्यावरचं एक जुनं पोतं खाली काढून ठेवा. कुंडी भिंतीकडे सरकवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.