उन्हाचा वाटा

फ्रीमाँटमधल्या पहिल्या उन्हाळ्यात मला एकाच गोष्टीची हळहळ वाटायची. ती म्हणजे वाया जाणाऱ्या उन्हाची. मे उजाडला की कॅलिफोर्नियाच्या या भागातलं आभाळ जे मोकळं होतं, ते जवळजवळ ऑक्टोबरपर्यंत. हवा कोरडी, दुपारी खाडीकडून वारा सुटलेला. ओला पंचा तासाभरात खडखडीत वाळेल असं ऊन अंगणात नुसतं पडून असायचं, आणि त्याच वेळी घराघरांतून ड्रायरची घरघर ऐकू यायची. भिंतीतल्या झडपांतून साबणाच्या वासाची गरम हवा बाहेर पडायची. चिपळुणात वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही.

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की घरभर दोऱ्या बांधल्या जात. माजघरात, पडवीत, जिन्याखाली. चुलीच्या वर उंच टांगलेल्या दोरीवर बाळाची दुपटी असत आणि त्यांना कायम धुराचा वास येई. शाळेचा गणवेश सकाळी इस्त्री फिरवून कोरडा करायचा, तरी अंगावर चढवला की पाठीला ओल लागायचीच. मधेच उघडीप पडली की आई हातातलं काम टाकून पिळे बाहेर नेई. मग कुठल्या तरी घरातून आरोळी येई, “पाऊस आला, कपडे काढा!” की अख्खी आळी अंगणात. ज्याच्या घरी कोणी नसेल त्याचं धुणं शेजारी काढून ओटीवर ठेवत. कुठलं कोणाचं हे विचारावं लागत नसे.

तर त्या पहिल्या उन्हाळ्यात मी बाल्कनीच्या कठड्यावर सोलापुरी चादर टाकली, शेजारी मुलांचे टीशर्ट. आठवड्याभरात वसाहतीच्या घरमालक संघटनेचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत, वसाहतीच्या देखणेपणाला बाधा येते, घरांच्या किमतींवर परिणाम होतो. पत्र वाचताना माझे कान तापले. मी काहीतरी घाण केल्यासारखं वाटलं. खरं तर चादर नुकतीच धुतलेली होती.

मग मी कायदा शोधून वाचला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६ पासून असा नियम आहे की, ज्याच्या वापराचं स्वतंत्र परसअंगण आहे त्याला तिथे दोरी किंवा वाळवणाचा स्टँड लावायला संघटना सरसकट बंदी घालू शकत नाही. पण त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की बाल्कनी, कठडा, छज्जा यांना दोरी म्हणता येणार नाही. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. आम्ही भाडेकरू, म्हणून घरमालकाची संमती घेतली आणि मागच्या चिमुकल्या अंगणात स्टँड मांडला. फ्लोरिडात हे संरक्षण १९८० पासून आहे, आणि तिथल्या कायद्यात कपड्यांची दोरी चक्क सौरऊर्जेच्या उपकरणांच्या पंक्तीत बसवली आहे. मला ती व्याख्या फार आवडली. आमच्या आजीने आयुष्यभर सौरऊर्जा वापरली.

पण कायदा लागावाच का? दोरीवरच्या कपड्यांत लाज वाटावी असं काय असतं? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत वीज आणि विजेची उपकरणं विकणाऱ्या कंपन्यांनी विजेवरचं घर म्हणजे सुखी घर, हे चित्र लोकांच्या मनात भरवलं. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या घराला दाराशी लावायला पदक मिळे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९५४ ते १९६२ या काळात जनरल इलेक्ट्रिकच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे सूत्रधार होते आणि त्यांचं स्वतःचं घर त्या कंपनीने आपल्या उपकरणांनी सजवून दिलं होतं. दोरी असणं म्हणजे ड्रायर घ्यायची ऐपत नसणं, असा अर्थ हळूहळू रूढ झाला. गरिबी दिसू नये म्हणून ऊन नाकारायचं, हे मला आजही पटत नाही.

या प्रदेशात मात्र धुण्यावरून झालेला वाद त्याहून जुना आहे, आणि तो आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचाच आहे. १८८० साली, आमच्या घरापासून तासाभरावर असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोत नियम झाला की लाकडी इमारतीत कपडे धुण्याचं दुकान चालवायचं तर नगराच्या पर्यवेक्षक मंडळाची परवानगी हवी. कारण आगीचं दिलं होतं. शहरात अशी सुमारे ३२० दुकानं होती, त्यातली साधारण २४० चिनी माणसांची, आणि बहुतेक सगळी लाकडी इमारतींत. चिनी धोबी कपडे वाळवायला छपरावर लाकडी सांगाडे बांधत. त्याच वर्षी त्या सांगाड्यांनाही लेखी परवानगी लागू झाली. दोनशे चिनी दुकानदारांनी अर्ज केले. एकालाही परवानगी मिळाली नाही. चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांनी मागितली, ती एक वगळता सर्वांना मिळाली. परवानगी नाकारलेल्यांतला एक चिनी दुकानदार २२ वर्षं त्याच जागेत धुलाई करत होता, आगीच्या आणि आरोग्याच्या तपासण्या त्याने पार केल्या होत्या. त्याला १० डॉलर दंड झाला, तो न भरल्यामुळे कैद झाली. ‘यिक वो’ या नावाने ओळखला जाणारा तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८८६ साली न्यायालयाने एकमताने सांगितलं की, कागदावर सगळ्यांना सारखा दिसणारा कायदा जर एकाच जमातीवर उगारला जात असेल तर तो समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, आणि ते संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. व्हिसावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर जे छत्र आहे, ते धुण्याच्या दुकानातून आलंय. मला आलेलं एक पत्र आणि त्या माणसाची कैद यांची तुलना करायचं माझ्या मनात नाही. पण ‘देखणेपणा’ हा शब्द वाचला की मला ‘आग’ हे कारण आठवतं.

हे अमेरिकेलाच सुनावून मी मोकळी होऊ शकत नाही. आमच्या आजीचं सोवळ्याचं लुगडं माजघरातल्या सगळ्यात उंच दांडीवर काठीने वाळत घातलं जाई. काठीचं ते कसब मला लहानपणी जादू वाटे. नऊ वार ओलं कापड, हात न लावता, एक सुरकुती न पडता दांडीवर पसरायचं. ते इतकं उंच का, तर कोणाचा हात लागू नये म्हणून. धुणं धुवायला येणाऱ्या बाईने त्या लुगड्याला हात लावायचा नाही, हे आम्हा पोरांना न सांगता कळत होतं. आणि सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या मागे, जिथे ऊन कधीच पोचत नसे, तिथे बायकांच्या पाळीच्या घड्या वाळत. दुसऱ्या फडक्याखाली झाकून. कोकणातल्या पावसाळ्यात त्या पुरत्या वाळत तरी असतील का? तशाच दमट घड्या पुन्हा वापरल्या जात. ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते मिळत नव्हतं. आजही कितीतरी घरांत आतले कपडे टॉवेलखाली दडवून वाळतात. उन्हाची वाटणी आपणही करत आलो आहोत, आणि ती नेहमी धुणाऱ्या हातांना न विचारता झाली.

ड्रायरवर माझा राग नाही. माझ्या आईला श्रावणात एक ड्रायर मिळाला असता तर तिच्या आयुष्यातली कितीतरी चिडचिड वाचली असती. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला तो लागतोच. पण तो काय घेतो तेही पाहावं. साधा विजेवरचा ड्रायर एका खेपेला दोन ते चार युनिट खातो. शिवाय त्याची जाळी उपसून बघा. माझ्या हातात एकदा करड्या रंगाचा मऊ गोळा आला, नमद्यासारखा. उजेडात धरला तर त्यात जांभळे धागे होते. सोलापुरी चादरीच्या काठाचे. ती चादर लग्नात आईने दिलेली. पंधरा वर्षं दोरीवर वाळली होती ती, आणि इथे एका हिवाळ्यात मुठी मुठीने झिजत होती.

उन्हात वाळलेल्या कपड्याचा वास हा माझ्या मनाचा खेळ असेल असं मला वाटे. पण कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो मोजला. त्यांचा शोधनिबंध २०२० साली आला. टॉवेल शुद्ध पाण्यात धुऊन काही घरात, काही सावलीत, काही उन्हात वाळवले. उन्हातल्यांवर काही अशी संयुगं सापडली जी इतरांवर नव्हती. त्यातलं एक वेलदोड्यातही असतं. हे वाचलं तेव्हा मी घडी केलेला पंचा उचलून नाकाशी धरला.

आमच्या कुंपणापलीकडे एक चिनी आजी राहतात, मुलाकडे. त्यांना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. मी स्टँड मांडल्यावर पंधराएक दिवसांनी त्यांनी त्यांच्या अंगणात बांबू आडवा टाकला आणि सदऱ्यांच्या बाह्यांतून तो ओवला. ऊन चांगलं असलं की त्या रजया बाहेर काढतात. मी त्यांना काथ्याच्या दोरीचा पीळ उघडून त्यात कापडाचं टोक अडकवायचं दाखवलं, चिमटा लागत नाही. त्यांनी ते चार वेळा करून पाहिलं आणि हसल्या.

गेल्या ऑक्टोबरात दुपारी मी आत फोनवर होते. बाहेरून त्यांचा आवाज आला, मोठा, घाईचा, पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द. मला एकही कळला नाही. मी फोन टाकला आणि स्टँडकडे धावले. पहिले थेंब चादरीवर पडलेच होते.