अवधूताचा सर्प आणि मुंबईतील घर

मुंबईत नोकरीस असलेल्या चिरंजीवांनी तेथे घर घ्यावे काय, हा प्रश्न बेळगावच्या अनेक कुटुंबांत आज उभा आहे. अवधूताने यदुराजास सांगितलेल्या 24 गुरूंत सर्प आहे. तो परक्याच्या बिळात सुखाने राहतो. पण तो विरक्ताचा गुरू. आम्ही प्रपंची, भाड्याने राहणे हाच धर्म, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र दीड कोटीच्या घरास बँक अधिकात अधिक पाऊणपट कर्ज देते. उरलेले 37.5 लक्ष, वर मुद्रांक शुल्क, कोठून येणार? बहुधा वडिलांच्या शेतातून. त्याच अवधूताचा दुसरा गुरू कपोत. पिले व कपोती जाळ्यात सापडलेली पाहून तो आपण होऊन त्यात पडला. तेव्हा शेताचा सौदा ठरण्यापूर्वी चिरंजीवांनी मातोश्रींजवळ बसून एवढेच विचारावे, “आई, उद्या तुम्ही दोघे कोठे राहणार?”