काचेच्या कपाटातला माल आणि रात्रीतून बदलणारे शुल्क

23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी सोन्यावरचे आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले. ‘सोने स्वस्त झाले’ म्हणून लग्नघरे सुखावली. पण आदल्या दिवसापर्यंत 15 टक्के शुल्क पोटात घेतलेले सोने ज्यांच्या कपाटात मांडलेले होते, त्या लहान सराफांचे काय झाले, याची चर्चा फारशी कोणी केली नाही.

हिशेब साधा आहे. शुल्क बसण्यापूर्वी दहा ग्रॅम शुद्ध सोने 60,000 रुपयांना पडते, असे सोयीसाठी धरू. 15 टक्क्यांनी शुल्क 9,000 रुपये, 6 टक्क्यांनी 3,600. फरक 5,400 रुपयांचा. दुकानात अर्धा किलो माल असेल तर 2 लाख 70 हजार रुपये एका घोषणेने गेले. प्रत्यक्षात भाव एका दमात इतका उतरतोच असे नाही, जागतिक भाव आणि रुपयाची घसरण मध्ये येतात. पण तोट्याची दिशा बदलत नाही. शिवाय ज्या गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम देऊन भाव बांधलेला असतो, तोही दुसऱ्या दिवशी नव्या भावाने दागिना मागतो, आणि गावातला दुकानदार त्याला नाही म्हणू शकत नाही. त्याच घरातली पुढची तीन लग्ने त्याला दिसत असतात.

यावर जुन्या पेढ्यांचे म्हणणे असे, की सोन्याचा धंदा वजनात मोजावा. दहा ग्रॅम विकले, दहा ग्रॅम भरले, तिजोरीतले वजन कायम. मग भाव चढो की उतरो. हे खरे आहे, पण ज्याचे सोने स्वतःचे आहे त्याच्यापुरतेच. ज्याने बँकेच्या कॅश क्रेडिटवर माल भरला, त्याचे सोने ग्रॅममध्ये असते आणि कर्ज रुपयांत. भाव उतरला की स्टॉक स्टेटमेंटमधली मालाची किंमत घटते, तिच्याबरोबर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या मालावर उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, घटते आणि फरक भरा म्हणून बँकेतून फोन येतो. पाच-सात वर्षांपूर्वी दुकान टाकलेला तरुण सराफ नेमका इथे अडकतो.

मोठ्या साखळी दुकानांना हीच अडचण एवढी बोचत नाही. त्यांना बँकेकडून सोन्याच्याच रूपात कर्ज मिळते. भाव कर्ज फेडताना ठरतो, त्यामुळे मधल्या चढउताराचा भार त्यांच्यावर फारसा पडत नाही. उरलेला धोका ते वायदे बाजारात सौदा करून झाकतात. लहान आकाराचे सौदे तिथे आहेत, हे मान्य. पण रोजच्या रोज मार्जिन भरायला हाताशी रोकड आणि त्यातले कळणारा माणूस लागतो. दोन नोकरांच्या पेढीवर ही दोन्ही कामे मालकाकडेच येतात, आणि तो तर गल्ल्यावर बसलेला असतो. शुल्काचा आकडा सगळ्यांना एकच, त्याचा मार मात्र पुरासारखा सखल भागात जाऊन साचतो.

शुल्क वाढते तेव्हा लहान सराफाचा फायदा होतो का? त्या एका दिवशी होतो, कारण जुन्या शुल्काचा माल नव्या भावाने विकला जातो. पण रिकामा झालेला खण भरायला जास्त रुपये लागतात, म्हणून हा फायदा पुन्हा कपाटातच जातो. 2012 च्या सुरुवातीला सोन्यावर टक्केवारीने शुल्क लागू झाले ते 2 टक्के होते. ऑगस्ट 2013 पर्यंत ते 10 टक्क्यांवर गेले. 2012-13 मध्ये चालू खात्यातली तूट जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर पोचली होती, सरकारला डॉलर वाचवायचे होते, आणि त्या चिंतेत खोट काढता येणार नाही. पण मुलीच्या मंगळसूत्रासाठी ठरावीक रक्कम घेऊन आलेला शेतकरी शुल्क वाढले म्हणून पैसे वाढवत नाही, तो वजन कमी करतो. पंधरा ग्रॅमचे तेरा होतात. गावाकडच्या अनेक पेढ्यांवर घडणावळ ग्रॅममागे असते, म्हणजे त्या दोन ग्रॅमबरोबर दुकानदाराची आणि त्याच्या कारागिराचीही मिळकत गेली. पैसा तेवढाच फिरला, मेहनतही तेवढीच, दोघांच्या हाती कमी आले. पुष्कळ घरे नव्या सोन्याऐवजी जुनी मोड घालून काम भागवतात. मोडीतून घडणावळ सुटते, पण नव्या सोन्याची विक्री बुडते.

दुसरा घाव चोरट्या सोन्याचा. वरच्याच भावाने एका किलोवर 15 टक्के म्हणजे 9 लाख रुपये शुल्क, त्यावर जीएसटी. एवढी रक्कम चुकवता येत असेल तर धोका पत्करणारे निघतातच. मग बिल न देणारा शेजारी भाव मोडतो आणि पक्के बिल फाडणारा दुकानदार गिऱ्हाइकाला महाग वाटू लागतो. 2022 च्या जुलैमध्ये 10.75 वरून 15 टक्के करताना हा परिणाम ठाऊक नव्हता, असे म्हणता येणार नाही. मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाचा अनुभव गाठीशी होता. 1963 मध्ये 14 कॅरटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी आली, हजारो सोनारांच्या हातचे काम गेले, चोरटी आयात काही थांबली नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा शेवटी 1990 मध्ये रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री मधु दंडवते होते.

शुल्क असूच नये, असे माझे म्हणणे नाही. ते आधी जाहीर करून बदलता येत नाही, कारण मग साठेबाजी होईल, हेही कळते. पण 15 वरून 6 ही उडी एका रात्रीत घ्यायलाच हवी होती का? दोन-दोन टक्क्यांचे टप्पे केले असते तर प्रत्येक टप्प्याचा तोटा पचला असता. आणि दुकानातल्या शिल्लक मालाची दखल सरकारला घेता येत नाही, हे तर मुळीच खरे नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा उत्पादन शुल्काची पावती जवळ नसलेल्या व्यापाऱ्यांनाही जुन्या शिल्लक मालासाठी काही अटींवर 40 किंवा 60 टक्के सवलत मिळाली होती. म्हणजे कपाटातला माल कायद्याला दिसतो. शुल्क घटवताना ठरावीक उलाढालीखालच्या पेढ्यांना तशी सवलत, वाढवताना त्याच नियमाने वसुली, आणि सोन्याच्या रूपातले कर्ज शंभर-दोनशे ग्रॅमच्या मापात तालुक्याच्या शाखेतून, इतके झाले तरी पुरे आहे. शंभर ग्रॅमसाठी कागदपत्रांचा खर्च परवडत नाही, असे बँका म्हणतील. पण त्याच शाखा दहा-वीस ग्रॅम दागिन्यांवर तारण कर्ज रोज देतात आणि तपासायला त्याच गावातल्या सराफाला बोलावतात.